२५ चं ५० एफपीएस केलं, बिटरेट तोच ठेवला, मग चित्र का फुटलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉल मॅच लाईव्ह दाखवणारा एक पोरगा, आतापर्यंत १०८०पी २५ एफपीएसला (सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे चित्रं) ४ एमबीपीएस बिटरेटवर (सेकंदाला किती डेटा जातो ते) दाखवत होता, चित्र बरं होतं. बॉल गुळगुळीत पळताना दिसावा म्हणून त्यानं ५० एफपीएस केलं, बिटरेट तोच ४ ठेवला, आणि खेळाडू पळाले की सगळं चौकोन चौकोन व्हायला लागलं. वर त्यानं घरी अजून एक प्रयोग केला, कॅमेऱ्यातलं ५० चं फुटेज एकदा तसंच आणि एकदा २५ करून, दोन्ही एकाच सीआरएफवर (बिटरेट न ठरवता क्वालिटीचा आकडा ठरवून) एन्कोड केलं, म्हणजे दाबून लहान केलं, तर ५० वाली फाईल थोडीशीच मोठी आली. त्याचं म्हणणं, फ्रेम डबल झाल्या तर फाईल डबल का नाही, आणि फाईल डबल होत नसेल तर मग लाईव्हला चित्र का फुटतंय?

भावा, प्रयोग चांगला केलास, बहुतेक लोक एवढं पण करत नाहीत, नुसतं कॅमेऱ्याला नाहीतर नेटला शिव्या घालतात. तुझ्या दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. बिटरेट मोजतात सेकंदावर आणि एन्कोडर काम करतोय फ्रेमवर. या दोघांच्या मध्ये जो भागाकार आहे त्यातला खालचा आकडा म्हणजे तुझा एफपीएस.

आता हिशोब कर. ४ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ४० लाख बिट. २५ फ्रेमला वाटले तर एका फ्रेमला १ लाख ६० हजार बिट, म्हणजे २० केबी. ५० फ्रेमला वाटले की ८० हजार बिट, १० केबी. जेवणावळीत मटण तेवढंच आणि पंगतीला माणसं डबल, अशी गत. रस्सा पातळ करून वाढवता येतो, तुकडे कुठनं आणणार? एन्कोडर पण तेच करतो, रस्सा पातळ करतो, म्हणजे क्वांटायझर (तपशील किती ढोबळ करायचा ते) वाढवतो. त्याचा आकडा म्हणजे क्यूपी, एच.२६४ या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये ० ते ५१, आणि दर ६ ला क्वांटायझरची पायरी डबल मोठी होते. क्यूपी वाढला की बारीक तपशील जातो, अजून वाढला की चौकोन दिसायला लागतात.

पण इथं थांबलं तर उत्तर अर्धं राहतंय, कारण पंगतीला बसलेल्या सगळ्यांची भूक सारखी नसते. एन्कोडर प्रत्येक फ्रेम नव्यानं काढत नाही, मागच्या फ्रेममधला कुठला तुकडा कुठं सरकला एवढं सांगतो आणि जो फरक उरला तेवढाच लिहितो. समज एखाद्यानं जोरात शॉट मारला, बॉल सेकंदाला २० मीटरनं निघाला. २५ एफपीएसला दोन फ्रेमच्या मध्ये बॉल ८० सेंटीमीटर सरकतो, ५० ला ४० च. पळणाऱ्या खेळाडूचा पाय, कॅमेऱ्याचा पॅन (आडवा फिरवणं), सगळं तसंच, सरकणं अर्धं होतंय. त्यामुळं जुळणारा तुकडा जवळच सापडतो, अंदाज चांगला लागतो आणि उरलेला फरक कमी असतो. म्हणजे ५० वाल्या प्रत्येक फ्रेमला २५ वाल्या फ्रेमपेक्षा कमी बिट लागतात. तुझी सीआरएफची फाईल डबल झाली नाही त्याचं पहिलं कारण हे.

मग निम्मेच का लागत नाहीत, म्हणजे हिशोब जिथल्या तिथं का बसत नाही? कारण काही खर्च असे आहेत की ते फ्रेममागं ठरलेले. प्रत्येक फ्रेमचा हेडर आहे, कुठला तुकडा कुठं सरकला त्याचे व्हेक्टर प्रत्येक फ्रेमला लिहायचे आहेत, सरकणं अर्धं झालं म्हणून व्हेक्टर अर्ध्या जागेत बसत नाही. दुसरं, नॉईज. सेन्सरचा नॉईज (चित्रातले दाणे) प्रत्येक फ्रेमला नवा असतोय, मागच्या फ्रेमवरनं त्याचा अंदाज करताच येत नाही, फ्रेम डबल तर नॉईज डबल. आणि ५० ला शटर (एका फ्रेमला उजेड किती सेकंद घ्यायचा ते) सहसा १/५० वरनं १/१०० वर जातो, म्हणजे उजेड निम्मा, मग कॅमेरा गेन वाढवतो, म्हणजे सिग्नल ताणून चित्र उजळ करतो, अजून नॉईज. वर मोशन ब्लर कमी होतो, कडा धारदार येतात, आणि धारदार कडा बिट खातात. संध्याकाळची मॅच असली, सूर्य स्टँडच्या मागं गेला की हे नीट बघ, तोच बिटरेट दुपारी चालतोय आणि शेवटच्या वीस मिनिटाला चित्र गचाळ. लोक म्हणतात नेट गेलं. नेट नाही रे, गेन वाढला.

हा सगळा हिशोब मिळून साधारण दीडपटीवर येतो. यूट्यूबच्या अपलोडच्या शिफारशी बघितल्यास तर १०८०पी ला २४ ते ३० एफपीएसला ८ एमबीपीएस आणि ४८ ते ६० ला १२, ७२०पी ला ५ आणि ७.५. दीडपटच. मी पण डोक्यात दीडपटच धरतो. म्हणजे तुझं २५ ला ४ वर जे दिसत होतं तसंच ५० ला दिसायला ६ पाहिजेत, आणि तू दिलेस ४. तिथं पहिली कात्री लागली.

दीडपट हा सरासरीचा आकडा आहे हां, सगळीकडं चालवू नको. ट्रायपॉडवर ठेवलेला कॅमेरा आणि समोर बसून बोलणारा माणूस असला तर ५० ला जेमतेम थोडं जास्त लागतंय, कारण बहुतेक तुकडे जिथल्या तिथं, एन्कोडर नुसतं वगळलं असं लिहून पुढं जातो. याच्या उलट टोक म्हणजे गुलाल. जोतिबाच्या चैत्र यात्रेला वाडी रत्नागिरीवर सासनकाठ्यांच्या वर गुलालाचे जे ढग उठतात ना, ते बघायला कितीबी भारी असू दे, एन्कोडरच्या दृष्टीनं ते रंगीत नॉईज आहे. प्रत्येक कण वेगळ्या दिशेला, मागच्या फ्रेममध्ये होता तसा तुकडा पुढच्या फ्रेममध्ये कुठंच सापडत नाही. तिथं फ्रेम डबल केल्या तर खर्च जवळजवळ डबलच येतो, दीडपट बिडपट काही नाही. रंकाळ्याच्या पाण्यावरची चमक, मुसळधार पाऊस, हे सगळे त्याच जातीतले.

आता सीआरएफचं दुसरं कारण, आणि हे लोकांना लई माहीत नसतंय. सीआरएफ म्हणजे ठरलेला क्यूपी असं बरेच जण समजतात. तसं नाही. एक्स२६४ हा एच.२६४ चा एन्कोडर सीआरएफमध्ये प्रत्येक फ्रेम पडद्यावर किती वेळ राहणार ते पण धरतो. त्याचं मोजमाप ०.०४ सेकंद, म्हणजे २५ एफपीएसची एक फ्रेम. तू ५० दिलंस की फ्रेम ०.०२ सेकंदच दिसणार, मग तो म्हणतो एवढ्या कमी वेळात कोण बघतंय, आणि क्वांटायझर थोडा वाढवतो. डिफॉल्ट क्यूकॉम्प (क्वालिटी किती कमीजास्त होऊ द्यायची ती सेटिंग) ०.६ असताना हे वाढणं साधारण २.४ क्यूपी येतं. म्हणजे तू आकडा तोच ठेवलास पण त्यानं आतल्या आत प्रत्येक फ्रेमची क्वालिटी थोडी खाली आणली, म्हणून तुझी फाईल अजूनच बारीक राहिली. चालू व्हिडिओत हे डोळ्याला कळत नाही, डोळा दोन तीन फ्रेमची सरासरी करूनच बघतो. पण पॉज करून बघ, ५० वाली फ्रेम २५ वाल्या फ्रेमपेक्षा जरा मळकट दिसेल. गोल होता का नव्हता यावर तालमीतली पोरं भांडायला लागली आणि तुझ्याकडं फ्रेम मागितली, तर तेव्हा हे आठव.

याच्यावरनं एक फटका मी स्वतः खाल्लाय. कुस्तीच्या मैदानाचं शूट होतं, १०० एफपीएसला घेतलेलं, डाव स्लो करून दाखवायचे होते. डिस्क वाचवायची म्हणून मी आधी १०० एफपीएसचंच सगळं सीआरएफवर दाबलं आणि मग एडिटला घेऊन चौपट स्लो केलं. धोबीपछाड मारतानाचा हात नुसता शेणकुटासारखा. कारण एक्स२६४ नं प्रत्येक फ्रेम १० मिलीसेकंदच दिसणार असं धरून २५ एफपीएसच्या मानानं जवळजवळ ५ क्यूपी वाढवला होता, आणि मी तीच फ्रेम ४० मिलीसेकंद लोकांना दाखवत होतो. तेव्हापासून नियम केला, स्लो करायचंच असेल तर आधी फुटेजला २५ एफपीएसचा टॅग लाव, मग एन्कोड कर. १०० च्या वर, म्हणजे १२० किंवा २४० ला, ही वाढ अजून पुढं जात नाही, एक्स२६४ फ्रेमचा वेळ ०.०१ सेकंदाच्या खाली धरतच नाही.

आता परत लाईव्हकडं येऊ, कारण तुझा खरा घोळ मला नुसत्या ४ आणि ६ मध्ये दिसत नाही. तू सेटिंग पाठवलेस त्यात कीफ्रेमचं (पूर्ण लिहिलेली फ्रेम) अंतर ५० लिहिलंय, आणि तू एफएफएमपेगवरनं (कमांडनं चालणारा व्हिडिओचा प्रोग्रॅम) पाठवतोस, तिथं हा आकडा फ्रेममध्ये मोजतात, सेकंदात नाही. ओबीएस या लाईव्हच्या सॉफ्टवेअरमध्ये तोच आकडा सेकंदात असतोय, म्हणून ओबीएसवाल्यांना हा त्रास होत नाही. २५ ला ५० म्हणजे दोन सेकंदाला एक कीफ्रेम, बरोबर. तू एफपीएस ५० केलास, हा आकडा तसाच ठेवलास, आता दर सेकंदाला एक कीफ्रेम पडायला लागली.

कीफ्रेम म्हणजे पंगतीतला पैलवान. तिला मागच्या फ्रेमचा आधार नाही, सगळं स्वतःचं लिहायचं. समज तुझी कीफ्रेम ८ लाख बिट खाते (आकडा समजायला धरलाय, पण १०८०पी ला या बिटरेटवर असं होतंय). २५ एफपीएसला दोन सेकंदात ८० लाख बिट होते, पैलवानानं ८ लाख खाल्ले, उरलेल्या ४९ फ्रेमला प्रत्येकी १ लाख ४७ हजार आले. तुझ्या आत्ताच्या सेटिंगला एका सेकंदात ४० लाख, पैलवान परत ८ लाख, उरले ३२ लाख, ४९ जणांना प्रत्येकी ६५ हजार. अंतर १०० केलं असतंस तर दोन सेकंदात ९९ फ्रेमला ७२ लाख, प्रत्येकी जवळजवळ ७३ हजार. एक रुपया न घालता प्रत्येक फ्रेमला दहा टक्क्याच्या वर जास्त मिळाले असते. आणि दर सेकंदाला मैदान एकदा स्वच्छ होऊन परत मळकट होत जातंय, धडधड केल्यासारखं, असं जे तू लिहिलंयस, ते हेच. यूट्यूब लाईव्हला पण कीफ्रेम दोन सेकंदाला असावी आणि चारच्या वर जाऊ नये असंच सांगतात, तेव्हा १०० बरोबर बसतंय.

फ्रेममध्ये मोजलेली सगळी सेटिंग अशीच गुपचूप बदलतात. एक्स२६४ चा लुकअहेड डिफॉल्ट ४० फ्रेम, २५ ला तो १.६ सेकंद पुढचं बघतो, ५० ला ०.८ च. पुढं पॅन येणार, खेळाडू धावणार, हे त्याला उशिरा कळतंय आणि बिट वाचवून ठेवायला वेळ मिळत नाही. वाढवावं म्हटलं तर मेमरी आणि उशीर दोन्ही वाढतंय, मी लाईव्हला त्याला हात लावत नाही.

बफरचं मात्र बघ. व्हीबीव्ही बफर, म्हणजे बिटरेट किती वरखाली होऊ द्यायचा ती सेटिंग, बिटमध्ये मोजतात त्यामुळं एफपीएसनं तो आपोआप बदलत नाही, तू ४ हजार केबिट ठेवलायस म्हणजे एका सेकंदाचा, ते ठीक आहे. पण उशीर अगदी कमी पाहिजे म्हणून काही जण बफर एका फ्रेमएवढाच ठेवतात, बिटरेट भागिले एफपीएस. २५ ला तो १ लाख ६० हजार, ५० ला ८० हजार. आता ८ लाखाचा पैलवान ८० हजाराच्या पाटावर कसा बसणार? एन्कोडर त्याला चेपतो, क्यूपी आभाळाला, आणि प्रत्येक कीफ्रेमला चित्र फुटतंय. एवढा बारीक बफर लागतच असेल तर इंट्रा रिफ्रेश चालू कर, त्यात पूर्ण कीफ्रेम न पाठवता एकेक उभा पट्टा ताजा करत नेतात, भार पसरतो. तुला फुटबॉलला याची गरज नाही, प्रेक्षकाला दहा सेकंद उशिरा गोल दिसला तरी चालतंय. फक्त शेजारच्या घरात मैदानावरनं फोन आला तर गोल आधीच कळतो, तेवढं सोड.

अजून एक, जे तू लिहिलं नाहीस पण मला शंका आहे. २५ ला लॅपटॉपला एका फ्रेमला ४० मिलीसेकंद होते, ५० ला २०. लॅपटॉपला जमेना म्हणून तू प्रीसेट (एन्कोडरनं किती मेहनत घ्यायची ते) खाली आणला असशील. व्हेरीफास्टपर्यंत ठीक आहे. अल्ट्राफास्टला गेलास तर संपलं, तिथं कॅबॅक (बिट जास्त घट्ट बांधायची रीत) बंद, डीब्लॉकिंग (चौकोनांच्या कडा पुसणं) बंद, बी फ्रेम (मागच्या पुढच्या दोन्ही फ्रेमवरनं काढलेली फ्रेम) बंद, लुकअहेड शून्य. तेवढ्याच बिटमध्ये चित्र लई खराब येणार, आणि चौकोन दिसायचं कारण डीब्लॉकिंग बंद असणं हे पण असू शकतंय. बघून सांग.

मोबाईलवरनं लाईव्ह करणाऱ्यांसाठी वेगळी गोष्ट. मोबाईलमधल्या हार्डवेअर एन्कोडरला ॲप दोन आकडे देतंय, बिटरेट आणि एफपीएस, आणि बरेचसे एन्कोडर त्याच्यावरनंच फ्रेमचा वाटा काढतात. प्रत्यक्षात कॅमेरा किती फ्रेम देतोय ते बघतातच असं नाही. ३० सांगितलंय आणि अंधारात फोननं फ्रेम १५ वर आणल्या तर खरा बिटरेट निम्माच जातो, चित्र उगाच खराब. उलट २५ सांगितलं आणि ५० आल्या तर बिटरेट डबल, अपलोड तुंबतं, बफरिंग. एका मिरवणुकीला आमच्याकडं हेच झालेलं, ॲपमध्ये २५ आणि कॅमेऱ्यात ५०, आम्ही दीड तास सिमकार्ड बदलत बसलो.

सीसीटीव्हीवाल्यांनी पण हे वाचावं. गुजरीतल्या एका दुकानदारानं डिस्क लवकर भरते म्हणून कॅमेरे २५ वरनं १२ एफपीएसवर आणले आणि डिस्क तेवढ्याच दिवसात भरली. भरणारच, रेकॉर्डर सीबीआरवर (ठरलेल्या बिटरेटवर) होता. २ एमबीपीएस सीबीआर म्हणजे दिवसाला २१.६ जीबी, एफपीएस काहीपण असू दे. फायदा एवढाच झाला की प्रत्येक फ्रेमला डबल बिट मिळाले, चेहरे स्वच्छ दिसायला लागले, जे त्याला खरं तर पाहिजेच होतं. डिस्क वाचवायची तर बिटरेट कमी कर नाहीतर व्हीबीआर (गरजेप्रमाणं बदलणारा बिटरेट) लाव.

आणि ३० किंवा ६० एफपीएसच्या नादाला लागू नको. आपल्याकडं लाईट ५० हर्ट्झचा, साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. २५ नाहीतर ५० एफपीएस आणि शटर १/५० किंवा १/१०० ठेवलास की प्रत्येक फ्रेमला उजेड सारखा येतो. ३० किंवा ६० एफपीएसला शटर १/६० ठेवलास की चित्र लुकलुकतं, आणि ते लुकलुकणं पण एन्कोडरला प्रत्येक फ्रेमला बिट घालून लिहावं लागतंय.

आता तुझं काय करायचं ते. स्टेडियमवर तुला ६ एमबीपीएस अपलोड कायम मिळत असेल (गर्दी झाल्यावर सुद्धा, सकाळी मोकळ्या मैदानावर टेस्ट करून उपयोग नाही) तर १०८०पी ५०, ६ एमबीपीएस, कीफ्रेम १००, बफर ६ हजार, व्हेरीफास्ट. एच.२६४ ची लेव्हल (दाखवणाऱ्या बॉक्सवर किती भार पडणार त्याची पायरी) ४.२ येणार, कारण ४.० मध्ये १०८०पी ३० पर्यंतच बसतं, तेवढं ज्या बॉक्सवर दाखवणार त्याला झेपतंय का बघ. ४ च मिळत असेल तर १०८०पी चा हट्ट सोड. ७२०पी ५० कर. हिशोब करून बघ, १०८०पी २५ मध्ये सेकंदाला ५ कोटी १८ लाख पिक्सेल, ७२०पी ५० मध्ये ४ कोटी ६१ लाख. म्हणजे आधीपेक्षा पण कमी, आणि बॉल गुळगुळीत. मोबाईलवर बघणाऱ्या ९० टक्के, बरं आकडा सोड, बहुतेक लोकांना ७२० आणि १०८० मधला फरक कळत नाही, पण बॉल तुटक पळाला तर लगेच कमेंट येते. जुन्या टीव्हीवर दूरदर्शनचं चित्र २५ फ्रेमचं असलं तरी फील्ड (अर्ध्या ओळींची चित्रं) सेकंदाला ५० होते, म्हणून तेव्हाच्या मॅच गुळगुळीत दिसायच्या, ती सवय आपल्या डोळ्याला अजून आहे.

मी स्वतः असतो तर ६ मिळत असताना पण ७२०पी ५० ला ४.५ वर गेलो असतो आणि उरलेलं अपलोड तसंच राखून ठेवलं असतं, कारण फायनल संपल्यावर काय होतंय तुला माहितेय. शिट्टी वाजली की पोरं गुलाल घेऊन मैदानात. त्या वेळेला कुठलाच बिटरेट पुरत नाही, ५० एफपीएसला तर नाहीच, आणि चालू लाईव्हमध्ये एफपीएस बदलता येत नाही. मी तेव्हा झूम सोडून कॅमेरा वाईड करतो आणि हलवत नाही. गुलाल चित्राच्या एका कोपऱ्यात राहतो, स्टँड आणि आभाळ जिथल्या तिथं, त्यांचे वाचलेले बिट गुलालाला जातात. झूम करून गुलालात घुसायचं ते रेकॉर्डिंगच्या दुसऱ्या कॅमेऱ्यानं.